तळ्याकाठचे गेंद

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. टाळणं जमलंही, कारण विचारणारं कोणी नव्हतं. या आठवणींच्या पुस्तकातली आधीची प्रकरणं लिहिताना मी दोनदा या जागेवर आलो आणि दोन्ही वेळा कामरगावच्या बसमध्ये बसून थेट परीक्षेच्या निकालावर उतरलो. मधली दोन वर्षं गायब. पस्तीस वर्षं मी वनस्पतिशास्त्र शिकवलं. दर भादव्यात मुलामुलींना घेऊन कुठल्या तरी पाणथळीवर जायचो, चिखलात गुडघे टेकून गेंद नावाचं बोटभर झाड दाखवायचो, मुळांपासून बियांपर्यंत सगळं सांगायचो. एखाद्यानं विचारलं, ‘सर, तुम्हाला हा पहिल्यांदा कुठे सापडला?’ तर ‘आमच्याच भागात’ एवढं बोलून पुढच्या झाडाकडे वळायचो. त्या दोन शब्दांआड एक बाई आणि तिच्या तीन म्हशी मी इतकी वर्षं झाकून ठेवल्या.

गेल्या पावसाळ्यात एका संशोधक मुलीचा फोन आला. मी जिथं शिकलो त्या कॉलेजातले वाळवलेल्या वनस्पतींचे जुने कागद ती तपासत होती. माझं नाव तिला एका कागदाच्या कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर सापडलं. तिनं चिठ्ठी वाचून दाखवली: ‘गेंद, जात अनिश्चित. गावतळ्याचा काठ. शेरा: म्हशींच्या चराईमुळे पुढे नष्ट.’ मग म्हणाली, “सर, मी पाणथळींवरच्या चराईबद्दलच लिहिते आहे. हा शेरा पुरावा म्हणून घेतला तर चालेल ना?” मी म्हणालो, “थोडे दिवस थांब, बाळ. मी तुला लिहूनच देतो.” फोन ठेवला. अक्षर माझं होतं. चिठ्ठी मीच डकवली होती. आणि शेरा खोटा होता.

माझं घर केनवडच्या बाजूला. तिथून रोज कॉलेज गाठणं शक्य नव्हतं. आईची चुलत बहीण अनसूया कामरगावपासून पायी तासाभरावरच्या एका गावात राहायची. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या आजच्या माणसांचा या गोष्टीशी संबंध नाही. आईनं मला पत्र्याची एक पेटी आणि पायलीभर तुरीची डाळ देऊन तिच्याकडे धाडलं. मावशीनं डाळ ठेवून घेतली आणि आईला निरोप पाठवला, “पुन्हा काही पाठवशीन तं पोरगं वापस पाठवीन.” मावशीचे यजमान आधीच गेले होते, मुलगी लग्न होऊन इंझोरीला होती. घरात मावशी आणि तिचे सासरे आबाजी, दोघंच. तिसरा मी. आणि तीन म्हशी, तानी, भुरी आणि चंद्री, ज्यांना मावशी माणसांतच धरायची. शेत असं नव्हतंच, घरामागे वावराचा एक तुकडा होता, विहीर नसलेला. घर चालायचं ते दुधावर. पहाटे दूध काढून ती डोक्यावर कॅन घेऊन कामरगावला जायची, हॉटेलवाल्यांना घालायची आणि उन्हं तापायच्या आत परत यायची.

स्वयंपाकघर आणि गोठा यांच्यामध्ये कमरेएवढीच भिंत होती. आम्ही जेवायला बसलो की पलीकडून तानीचं डोकं दिसायचं आणि तिचं रवंथ ऐकू यायचं, सावकाश, एका ठेक्यात. आजही कुठे पंगतीत बसलो की काहीतरी कमी आहे असं वाटतं, आणि मग लक्षात येतं, तो आवाज नाही. मला जाग यायची ती धारांच्या आवाजानं. रिकाम्या बादलीच्या बुडावर पहिली धार पडते तेव्हा तार छेडल्यासारखी वाजते, बादली भरत जाते तसा आवाज जाड आणि मऊ होत जातो. त्या आवाजावरून मला अंथरुणातच कळायचं की अजून किती वेळ लोळता येईल. मग आबाजींची वंदना सुरू व्हायची. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्यासमोर उभं राहून ते पाली शब्द अगदी जपून म्हणायचे, मध्ये खोकला आला की थांबायचे आणि चुकून एखादी ओळ सुटली तर पहिल्यापासून सुरू करायचे. थंडीच्या दिवसांत ती वंदना फार लांबायची.

आणि जेवण. मी खात्यापित्या घरातला नव्हतो. माझे वडील दुसऱ्याच्या वावरात राबायचे, दूध आमच्याकडे पाहुण्याच्या चहापुरतं यायचं. मावशीकडे पहिल्या सकाळी तिनं रात्रीची भाकर वाडग्यात कुस्करली, वर तापलेलं दूध ओतलं आणि माझ्यापुढे सरकवली. मी अर्धं खाऊन वाडगा बाजूला ठेवला, बाकीचं आबाजींसाठी असेल असं समजून. आबाजी म्हणाले, “अबे, भाड्याच्या म्हशी हायेत काय आपल्या? खा.” अंबाडीची भाजी ती ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून शिजवायची, वरून लसणाची चरचरीत फोडणी. पावसाळ्यात तरोटा, घोळ, चिवळ, जे उगवेल ते. बांधावर भाजी खुडायला मी तिच्याबरोबर जायचो. सगळीकडून खुडत खुडत ती यायची आणि शेवटी सगळ्यात तरारलेलं एक झाड तसंच सोडून द्यायची. मी एकदा विचारलं, “हे कायले ठेवते, मावशी? हेच तं चांगलं हाय.”

“चांगलं हाय म्हनूनच. ते पुढच्या वर्साचं हाय. त्याले हात नाई लावाचा.”

यात तिला काही विशेष सांगितल्यासारखं वाटलं नाही, मलाही ऐकल्यासारखं वाटलं नाही. मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होतो आणि मला वाटायचं की झाडांबद्दल जे कळायचं ते लॅटिन नावांतून कळतं.

गेंद मला दाखवला तो मावशीनंच. हे आधी लिहायला हवं, कारण चिठ्ठीवर ‘संकलक’ म्हणून माझं नाव आहे. पोळा होऊन गेला होता. गावामागच्या तळ्याचं पाणी काठावरून थोडं मागे सरलं होतं आणि म्हशी गळ्यापर्यंत पाण्यात बसल्या होत्या. मी काठावर एका लव्हाळ्याशी झटापट करत होतो. मावशीनं हाक मारली, “गजू! तू गवतं जमा करून राह्यला न? इकडे पाय. टाचन्या.”

खरंच टाचण्या होत्या. ओल्या चिखलात कुणीतरी पांढऱ्या डोक्याच्या टाचण्या खोचून ठेवाव्यात तशा. लांबून पाहणाऱ्याला ते गवतच वाटतं. बुडाशी अरुंद, टोकदार पानांचा झुबका, जमिनीलगत पसरलेला. पान उजेडाकडे धरलं तर त्यात बारीक चौकटींची जाळी दिसते, जुन्या घराच्या झरोक्यासारखी. त्या झुबक्यातून बोटभर उंचीचे दांडे वर येतात, एकेका दांड्यावर एकही पान नाही, फक्त तळाशी एक सैल म्यान. दांडा बोटांत धरून फिरवला तर तो गोल नाही हे कळतं, त्याला धारा असतात आणि त्या पीळ दिलेल्या सुतासारख्या वळत वर जातात. टोकाशी ते पांढरं बटण. आपण त्याला फूल म्हणतो, पण ते एक फूल नसतं, एक सबंध वस्ती असते. त्यात कित्येक फुलं दाटीनं बसलेली, नरफुलं आणि मादीफुलं एकाच घरात, भिंगाखाली धरल्याशिवाय न दिसणारी. पांढरेपणा पाकळ्यांचाही नसतो, छदांवरच्या, म्हणजे फुलांना तोलणाऱ्या इवल्या पानांवरच्या, बारीक केसांचा असतो, आणि त्यातून परागकोश काळ्या मोहरीसारखे डोकावतात. मुळं पांढरीशुभ्र आणि आडव्या रेघारेघांची, जणू एकावर एक कड्या रचल्या आहेत. पण या तळ्याकाठच्या गेंदाचं वेगळेपण निराळं होतं. बटणाखालची छदं बटणाच्या बाहेर आली होती, गवती रंगाची, टोकदार, त्यामुळे वरून पाहिलं की प्रत्येक बटण एका चांदणीवर ठेवल्यासारखं दिसायचं. आमच्या पुस्तकात असलं चित्र नव्हतं.

वहीत मी त्या दिवशी आणखी एक गोष्ट लिहिली: ‘झाडं खळग्यांच्या कडेनं गोलाकार उगवली आहेत.’ खळगे म्हशींच्या खुरांचे होते. लिहिलं, पण त्याचा अर्थ कळायला मला पुढची वीस वर्षं लागली.

कॉलेजात आमचे एक सर होते. फार चांगला माणूस. मी दोन झाडं ओल्या फडक्यात गुंडाळून नेली, तेव्हा त्यांनी ती हातात घेतली आणि वर्ग थांबवला. “गजानन हे पायी चालताना शोधून आणतो. तुम्ही डोळे मिटून बसमधून येता,” असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. राबणाऱ्या माणसाचा मुलगा मी. माझं नाव भरवर्गात चांगल्या कारणासाठी घेतलं जाण्याची ती पहिली वेळ होती. नंतर ते म्हणाले, झाड लहान असलं की एका कागदावर दहाबारा तरी लावावीत, आणि जास्तीचे कागद झाले तर आपण ते दुसऱ्या कॉलेजांना पाठवू, प्रत्येकावर तुझं नाव जाईल. त्यांनी मला हावरटपणा शिकवला नाही. तो मी आपल्या मनानंच शिकलो.

दुसऱ्या दिवशी मी खुरपी आणि पिशवी घेऊन काठावर बसलो. अर्धी पिशवी भरली तेव्हा मावशी म्हशींना घेऊन आली. थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “समदं नको उपटू रे. अजून बी नाई पडलं त्याचं.”

“गवत हाय ते, मावशी.”

“हाय न. म्हनूनच म्हनते.”

मी थांबलो. पण तिसऱ्या दिवशी सकाळी, ती दूध घेऊन कामरगावला गेली असताना, मी पुन्हा गेलो आणि उरलेलं सगळं काढलं. मुळासकट, कारण मुळाशिवाय नमुना अपुरा. काठावर फक्त खुरांचे खळगे उरले, त्यांत पाणी. गेंद वर्षायू असतो. बी पडलं की झाड मरतं, उन्हाळाभर चिखलात जे थांबतं ते फक्त बी. हे मला पाठ होतं. परीक्षेत मी ते लिहिलंही होतं.

झाडं दाबायला लागणारी लाकडी चौकट माझ्याकडे नव्हती. जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्यांत झाडं मांडली, वर आबाजींची पेटी, पेटीवर जातं. कागद रोज बदलावे लागतात, नाहीतर बुरशी येते. ओले कागद चुलीच्या उबेला धरून वाळवायचं काम मावशीनं आपणहून अंगावर घेतलं. रोज एकेक घडी ती उलटायची, झाडाला धक्का न लावता, भाकर परतावी तशी. म्हणजे किती झाडं आली हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. पहिल्या दिवशी सगळ्या घड्या पाहून ती एवढंच बोलली, “बम झाले रे.” बम म्हणजे पुष्कळ.

अठरा कागद घेऊन मी सरांकडे गेलो. त्यांनी एक बटण फोडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. गेंदाच्या जाती एकमेकींसारख्या इतक्या दिसतात की फुलावरून नुसता अंदाज बांधता येतो. खात्री करायची तर पिकलेलं बी लागतं. बीच्या सालीवर बारीक नक्षी असते, कधी गळाच्या आकड्यासारख्या केसांची, कधी नुसत्या रेघांची, ती जातीची सही. आणि माझ्या अठरा कागदांवरचं सगळं बी कच्चं होतं. सर म्हणाले, “हरकत नाही. दोन-तीन आठवड्यांत पिकेल. मी स्वतः येतो. तिथं अजून आहे ना?”

“खूप आहे, सर,” मी म्हणालो.

हे पहिलं खोटं. ते का बोललो हे मला तेव्हाही माहीत होतं. त्यांचा चेहरा उतरलेला पाहायचा नव्हता, बस.

दिवाळीच्या आधी सर ओळखीच्या माणसाची जीप घेऊन आले. गावात जीप आली म्हणून सरपंचही तळ्यावर आले. मावशी गुडघाभर पाण्यात उभी राहून भुरीची पाठ पेंढ्यानं चोळत होती. सर काठानं वाकून चालले, एकदा, दोनदा. मी त्यांच्या मागे.

“कुठे, गजानन?”

“इथंच होतं, सर.”

सरपंचांनी विचारलं, “काय हरपलं म्हनायचं, सर?” सरांनी त्यांना समजावलं: दुर्मीळ गेंद, बहुधा या जिल्ह्यात कुणी न नोंदवलेला, बी मिळालं तर नाव लागेल. सरपंच म्हणाले, “मंग गेला कुठी? पाय तं नसतीन त्याले.” आणि दोघांनी माझ्याकडे पाहिलं. पाण्यातून तानीनं डोकं वर काढलं होतं, ती काहीतरी चघळत होती. माझ्या तोंडून निघालं, “म्हशींनी खाल्लं असेल, सर. रोज इथंच असतात त्या.”

मावशीचा हात भुरीच्या पाठीवर थांबला. सर तिच्याकडे वळले. “बाई, तुमच्या म्हशी या काठानं चरतात का?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. ताप आलेल्या पोराच्या कपाळाला हात लावताना बाई जशी पाहते, तसं तिनं पाहिलं. मग सरांना म्हणाली, “चरते न, सायेब. जनावर हाय. खाल्लं असन त्याईनं.” आणि पुन्हा पाठ चोळू लागली.

संध्याकाळी जेवताना आबाजींच्या कानावर ते गेलं. त्यांनी घास खाली ठेवला. “म्हैस टाचन्या खाते? कोन म्हनते? उभा जलम म्हशी राखल्या म्या, एकीनं तोंड नाई लावलं त्याले. पायाखाली तुडवते, पन खात नाई.”

“तुमी जेवा न, बापा,” मावशी म्हणाली. “कढी निवून राह्यली.”

आबाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पुढे कधीही त्यांनी तो विषय माझ्यासमोर काढला नाही. मी कढी प्यालो. चांगली झाली होती, आणि ती चांगली लागली याची मला आजही लाज वाटते.

सर जाताना सरपंचांना चांगल्या मनानं सांगून गेले, एवढा एक कोपरा दोन वर्षं राखा, झाड परत येईल. सरपंचांच्या गव्हात भुरी एकदा शिरली होती, तेव्हापासून ते मावशीवर डूख धरून होते. त्यांनी कोपरा नाही, सगळं तळंच राखलं. बाभळीच्या काट्या ओढून म्हशींची वाट बंद झाली. बाकी गुराढोरांच्या मालकांना वावरात विहिरी होत्या. विहीर नव्हती ती मावशीला. आता तिला म्हशी नाल्यावर न्याव्या लागायच्या, गावापासून लांब, आणि होळीच्या सुमारास नाल्यात ओल उरायची तेवढीच. डुंबायला पाणी नसलं की म्हैस तापते आणि आटते. काट्या पडल्या त्या दिवशी आबाजी ओट्यावर बसून म्हणाले, “पान्यावरून उठवनं आपल्याले नवं नाई, अनसूये. या खेपेले कारन तेवढं नवं हाय. फूल म्हने!” आणि खोकला येईपर्यंत हसले. मावशीही हसली. मी पुस्तक उघडून बसलो होतो.

मी सरांकडे जाऊ शकलो असतो. एकदा स्टाफरूमच्या दारापर्यंत गेलोही. आत सर कोणाला तरी माझ्याबद्दलच सांगत होते, कौतुकानं. मी परत फिरलो. त्याच आठवड्यात त्यांनी माझ्याकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या आणि म्हणाले, शेऱ्यात कारणही लिही. मी अठरा चिठ्ठ्यांवर लिहिलं.

चंद्री आधी विकावी लागली, उन्हाळा तोंडावर असताना. पावसाळ्याच्या आत भुरी. तानीला मावशीनं आणखी एक वर्ष ओढलं, घागरीनं पाणी आणून अंगावर ओतायची. ती गेली त्या दिवशी कमरेएवढ्या भिंतीपलीकडे नुसता दोर लोंबत होता. कामरगावची सकाळची फेरी संपली, मावशी दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जाऊ लागली. घरात काळा चहा सुरू झाला, पण माझ्या कपात दूध असायचंच. शेजारून वाटीभर आणायची. मी म्हणालो, “मलेही काया चहा चालते, मावशी.” ती म्हणाली, “तुले वाचाचं असते. चूप पे.” परीक्षेच्या दिवसांत सकाळी वाडग्यात भाकर कुस्करून दूध मिळायचं, तेही तसंच शेजारचं. मी पास झालो, चांगला झालो, पुढे शिकलो, नोकरी लागली. त्या सगळ्याच्या बुडाशी ते वाडगे आहेत. या पुस्तकात मी अनेकांचे आभार मानले आहेत, पण सगळ्यात मोठं देणं या प्रकरणातलं आहे. ज्या बाईचं मी नुकसान केलं तिनंच मला उभं केलं, आणि तिनं ते सोसून वगैरे केलं नाही, साधेपणानं, रोजची भांडी घासावी तसं केलं. मला आयुष्यात माणसं चांगली भेटली असं मी म्हणतो तेव्हा माझ्या मनात आधी तीच असते.

तळ्यावर मी पुढची कित्येक वर्षं जात राहिलो. काट्या राहिल्या, म्हशी गेल्या, आणि गेंद काही आला नाही. आधी उंच गवत माजलं, मग पानकणीस, मग काठच दिसेना. मी मनाची समजूत घालायचो की बीच उरलं नसेल. ते खरंच होतं, पण तेवढंच नव्हतं. नोकरीत असताना एकदा मुलांना घेऊन दुसऱ्याच एका तलावावर गेलो. मध्ये कुंपण. एका बाजूला गुरं पाण्यावर यायची, तिथला चिखल तुडवलेला, उघडा, आणि खुरांच्या प्रत्येक खळग्याभोवती पांढरे गेंद. कुंपणाच्या आतल्या बाजूला गवत कमरेएवढं आणि गेंद एकही नाही. एवढ्याशा झाडाला उजेड लागतो, उघडी ओल लागते, उंच गवताच्या सावलीत ते टिकत नाही. माझ्या वहीतली ती जुनी ओळ तिथं मला कळली. मावशीच्या म्हशी ते झाड खात नव्हत्या, त्याच्यासाठी जागा करत होत्या. एखादं बी चिखलात राहून गेलं असेलच, तर त्याचीही वाट मी काट्यांनी बंद करवली होती. मुलं विचारत होती, “सर, काय झालं?” मी म्हणालो, “चला, पुढे.”

त्या संशोधक मुलीला मी आता जे पाठवणार आहे ते इथंही लिहून ठेवतो. नमुना दाखवला अनसूयाबाईंनी. सगळी झाडं, बी पिकण्याआधी, एकट्या गजाननानं उपटली. म्हशींनी एकही झाड खाल्लं नाही. चराईमुळे नष्ट हा शेरा खोटा असून तो कुठेही पुरावा म्हणून घेऊ नये. बाकीचे सतरा कागद कुठे कुठे गेले याची यादी मला आठवते तेवढी सोबत देतो आहे, त्या त्या ठिकाणीही चिठ्ठी बदलावी. झाडाची जात कळली नाही, आणि त्या कागदांवरून ती आता कधीच कळणार नाही.

एवढं कागदाचं झालं. माणसाचं राहिलं.

सांगायचं म्हणून मी मावशीकडे तीनदा गेलो. नोकरी लागल्यावर लुगडं घेऊन गेलो. तिनं ते साऱ्या गल्लीला दाखवत फिरवलं आणि मला बोलायला जागाच उरली नाही. आबाजी वारले तेव्हा गेलो, पण ते घर तेव्हा रडणाऱ्या माणसांनी भरलेलं होतं. तिसऱ्यांदा गेलो तो इंझोरीला, तिच्या लेकीकडे. मावशी फार थकली होती, डोळ्यांनी अंधुक दिसायचं. मी ओट्यावर तिच्याजवळ बसलो. तिनं माझं मनगट चाचपून पाहिलं. “वाळला रे तू. बायको जेवाले देते का नाई?”

“देते, मावशी. मावशी, मले एक सांगाचं होतं. त्या म्हशीचं...”

“तानीचं?” तिचा चेहरा एकदम उजळला. “तानी लय गुनाची होती रे. धार काढताना पाय नाई हलवला तिनं कधी. अन् चंद्री? चंद्री भारी नखरेल.” आणि ती बोलत सुटली. तिन्ही म्हशींची शिंगं, त्यांची वासरं, कोण कुणाला ढुसण्या द्यायची, कुणाच्या दुधाला साय कशी धरायची. तासभर बोलली. मधून मधून मला विचारायची, “आठोते न तुले?” मी म्हणायचो, “आठोते.” ती इतकी आनंदात होती की त्या म्हशी गेल्या कशा, हे त्या तासात आणणं मला जमलं नाही. की मला तेच निमित्त पुरलं, कोण जाणे. लेकीनं चहा आणला, दुधाचा. मी प्यालो आणि शेवटच्या बसनं परत आलो. पुढच्या हिवाळ्यात मावशी गेली.

त्या ओट्यावर जे बोलायचं होतं, ते जाताना बसमध्ये मी मनात घोकत गेलो होतो. अजून शब्द न् शब्द पाठ आहे:

मावशी, तुह्या म्हशीनं काही खाल्लं नाई. म्याच उपटलं, समदं, तू नको म्हनली तरी उपटलं. अन् सरासमोर खोटं बोललो. तुले माहीत होतं, तरी तू ते आपल्यावर घेतलं. तुह्या तिन्ही म्हशी माह्यापायी गेल्या, मावशी. मले माफ कर.